ॲनिमोनला त्याची जागा शोधू द्या

वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्याचा टँक

क्लाउनफिशबद्दल या पानावर लिहिल्यापासून ॲनिमोनविषयीची पत्रं सारखी येत आहेत. ॲनिमोन म्हणजे पाय रोवून बसणारा मऊ समुद्री प्राणी. त्याच्या तोंडाभोवती बोटांसारखी, दंश करणारी शुंडकं असतात आणि क्लाउनफिश त्यांच्यात आसरा घेतो. हा अख्खा भाग त्यांनाच देते आहे.

प्रश्न : ताई, माझा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, समुद्री दगड-प्रवाळांचा टँक) सुरू होऊन दोन महिने झाले. अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं शून्यावर आहेत. ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी मजेत आहे, पण त्यांना घर नाही म्हणून वाईट वाटतं. आता ॲनिमोन आणू का?

अजून नको. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले म्हणजे टँक मासे ठेवण्याजोगा झाला, एवढंच. ॲनिमोनला मुरलेला टँक लागतो. दगडांत जिवाणूंची वस्ती पक्की व्हायला, शेवाळाचा सुरुवातीचा धुमाकूळ ओसरायला आणि मुख्य म्हणजे तुमचा हात बसायला सहा महिने तरी जातात. वर्ष झालं तर फारच चांगलं.

हात बसणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. टँकमधलं पाणी उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. १०० लिटरच्या टँकमधलं ४ लिटर पाणी उडालं की क्षारता हजारी ३५ वरून साडेछत्तीसच्या आसपास जाते. मग तुमच्या लक्षात येतं आणि तुम्ही एकदम ४ लिटर गोडं पाणी ओतता. क्षारता पुन्हा ३५. मासा हा हेलकावा सोसतो. ॲनिमोनचं शरीरच बहुतांश पाण्याचं. बाहेरची क्षारता बदलली की आतलीही बदलते आणि तो आक्रसतो. म्हणून उडालेलं पाणी रोजच्या रोज, थोडं थोडं भरायचं. त्यासाठी आपोआप पाणी भरणारं यंत्र मिळतं. रीफ टँकमधल्या सगळ्या उपकरणांत मी त्याला दिव्याच्या खालोखाल मान देते. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, अल्कलिनिटी (पीएच सावरून धरण्याची पाण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच, नायट्रेट १० पीपीएमच्या आत. हे आकडे महिनोन् महिने जागचे हलत नाहीत असं तुमच्या वहीत दिसू लागलं, की मला पुन्हा लिहा.

आणि माशांसाठी वाईट वाटून घेऊ नका. समुद्रात क्लाउनफिशला ॲनिमोन लागतो, कारण तिथे त्याला गिळायला टपलेले मासे असतात. तुमच्या टँकमध्ये त्याच्या जिवावर कोणी उठलेलं नाही. ॲनिमोनशिवाय तो खातो-पितो, जोडी जमवतो, अंडीही घालतो. शिवाय कुठलाही ॲनिमोन कुठल्याही क्लाउनफिशला चालतो असंही नाही. ॲनिमोनच्या हजाराहून अधिक जातींपैकी जेमतेम दहा जाती क्लाउनफिशला आसरा देतात. क्लार्की क्लाउनफिशला त्या दहाही चालतात, मरून क्लाउनफिशला निसर्गात फक्त बबल टिप ॲनिमोन. तुमचा ऑसेलारिस समुद्रात मॅग्निफिका आणि दोन जातींच्या कार्पेट ॲनिमोनमध्ये राहतो, बबल टिपमध्ये राहत नाही. टँकमध्ये तो बबल टिप बऱ्याचदा स्वीकारतो, पण कधी आठवड्यात, कधी वर्षाने आणि कधी अजिबात नाही. ॲनिमोन हवासा वाटतो म्हणून आणणार असाल तर आणा. माशाला भेट म्हणून आणू नका.

प्रश्न : नवा बबल टिप ॲनिमोन मी टँकच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशा सपाट दगडावर ठेवला होता. रात्रीतून तो निघाला, दोन दिवस काचेवर फिरला आणि आता मागच्या दगडांच्या फटीत जाऊन बसलाय. ओढून परत पुढे आणू का?

मुळीच नाही. तो फटीत गेला ही चांगली बातमी आहे.

काचेवर होता तेव्हा त्याचा पाय तुम्ही बाहेरून पाहिला असेल. फिकट रंगाची गोल चकती, तिच्यावर मधल्या भागाकडून कडेकडे गेलेल्या बारीक रेषा. बराच वेळ बघत बसलं तर दिसतं की चकतीची एक कड किंचित फुगते, पुढे सरकते आणि काचेला घट्ट बसते, मग मागची कड सुटते. असं करत करत तो तासाला काही सेंटिमीटर सरकतो. हे उगाच भटकणं नव्हे. प्रकाश किती, प्रवाह किती, पाय रोवायला खोबण आहे का, हे तो चाचपत असतो.

बबल टिपला पाय लपवायला खोल फट हवी आणि शुंडकं उजेडात पसरायला मोकळी जागा हवी. काही धोक्याचं वाटलं तर अख्खाच्या अख्खा आत ओढून घेता यावा, अशी त्याची मांडणी असते. सपाट दगडावर तो उघडा पडला, म्हणून निघाला. जातीजातीची आवडही वेगळी आहे. हॅडोनी कार्पेटला वाळू लागते, तिच्यात तो पाय खोल रोवतो. मॅग्निफिका दगडाच्या सर्वांत वरच्या टोकाला चढतो, कारण त्याला भरपूर उजेड आणि जोरदार प्रवाह हवा असतो. तुम्हाला पुढून दिसेल अशी जागा त्याने घ्यावी असं वाटत असेल तर पुढे तशी फट तयार करा. मूठ मावेल एवढं खोल भोक असलेला दगड, मध्यम प्रवाह, चांगला प्रकाश. तिथे जायचं की नाही, हे तोच ठरवेल.

आता तातडीचं काम सांगते. आज, हे पान वाचून झाल्यावर लगेच, पॉवरहेडच्या, म्हणजे प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या, तोंडाला जाळी किंवा स्पंज लावा. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी बाहेर वाहून जातं त्या फटींनाही लावा. हीटर शक्य असेल तर सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या वेगळ्या टाकीत) हलवा, नाहीतर त्याला पिंजरा घाला. फिरता ॲनिमोन पंपात ओढला जातो तेव्हा त्याच्या चिंधड्या होतात, दंशपेशींचे तुकडे टँकभर पसरतात आणि त्यात बाकीचे प्राणीही दगावतात. मला येणाऱ्या सर्वांत दुःखी पत्रांत हेच लिहिलेलं असतं. ते टाळणारी जाळी अगदी साधी असते. ॲनिमोन घरी येण्याआधी ती लावलेली असायला हवी.

ओढायचं का नाही, तेही सांगते. ॲनिमोनचा पाय फाटला तर जखम भरेलच असं नाही. ती सडली तर तो जातो. हलवणं भागच असेल तर तो ज्या दगडावर आहे तो दगडच उचला. काचेवर असेल तर पिशवीत बर्फाचा खडा घालून पायाच्या मागे धरा, किंवा छोट्या पंपाचा झोत त्याच्या बाजूने सोडा. त्याला जागा नकोशी करा म्हणजे तो आपणहून सुटतो. घाई असेल त्या दिवशी या भानगडीत पडूच नका.

पुढे कधी प्रवाळ घ्यायचे असतील तर आधी ॲनिमोन स्थिरावू द्या, मग त्याच्यापासून लांब प्रवाळ लावा. उलट क्रमाने केलं तर तो वाटेतला प्रत्येक प्रवाळ दंशाने भाजत जाईल. माझं मत विचाराल तर ॲनिमोनसाठी वेगळा टँकच असावा. दगडांचं एक बेट, भोवती वाळू आणि त्यात तो एकटा.

प्रश्न : एका विक्रेत्याकडे दोन ॲनिमोन पाहिले. एक शुभ्र पांढरा, दुसरा पिवळाधमक. दोन्ही दुर्मीळ रंग आहेत असं तो म्हणाला. घ्यावेत का?

दोन्ही सोडा. रीफ टँकमधल्या बहुतेक ॲनिमोनना त्यांचा तपकिरी, हिरवट किंवा मातकट रंग ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे येतो. हे शैवाल प्रकाशातून अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला मिळतो. शुभ्र पांढरा झालेला ॲनिमोन म्हणजे ते शैवाल गमावलेला, उपाशी प्राणी. पायापासून तोंडापर्यंत एकसारखा भडक पिवळा किंवा गुलाबी दिसला तर तो बहुधा रंगवलेला असतो. आधीच पांढरा पडलेल्या प्राण्याला रंगात बुडवून विकतात. हे क्रूर आहे आणि आपण विकत घेतो म्हणून चालतं.

निरोगी ॲनिमोन ओळखायला तीन गोष्टी बघा. तोंड मिटलेलं हवं. बाहेर आलेलं, आ वासलेलं नको. पाय कुठेतरी घट्ट चिकटलेला आणि न फाटलेला हवा. आणि शुंडकं चिकट हवीत. विक्रेत्याला समोर खायला घालायला सांगा. तुकडा धरून तोंडाकडे नेला तर ठीक. तुकडा घरंगळून खाली पडला तर हात जोडा आणि निघा.

आणखी एक विनंती. टँकमध्येच विभागून वाढलेला बबल टिप मिळत असेल तर तोच घ्या. तो टँकच्या पाण्याला, दिव्याला सरावलेला असतो. आणि समुद्रातून उचललेला मोठा ॲनिमोन म्हणजे तिथल्या क्लाउनफिशच्या कुटुंबाचं छप्पर उचलणं. तो तिथे परत लवकर उगवत नाही.

पांढरा ॲनिमोन आधीच घरात असेल तर मात्र त्याला टाकून देऊ नका. दिवा मंद करून सुरुवात करा आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. आठवड्यातून दोन-तीनदा अगदी बारीक घास द्या. पाणी स्थिर ठेवा. रंग परत यायला महिने लागतात, पण येतो. खरं तर नवा कुठलाही ॲनिमोन आणलात की दिवा असाच हळूहळू वाढवायचा. एलईडीच्या पूर्ण प्रखरतेखाली पहिल्याच दिवशी ठेवलेले धडधाकट ॲनिमोनही पांढरे पडतात.

प्रश्न : मी ॲनिमोनला रोज एक अख्खी कोळंबी देतो. तो गिळतो, पण रात्री अर्धवट पचलेली बाहेर टाकतो. आजारी आहे का?

आजारी नाही, त्याला झेपत नाही. घास त्याच्या मिटलेल्या तोंडाच्या आकाराहून मोठा नको. बबल टिपला आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, नखाएवढा कोळंबीचा किंवा माशाचा तुकडा किंवा थोडे मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) पुरतात. मीठ-मसाला न लावलेलं, कच्चं, स्वच्छ धुतलेलं. चांगला दिवा असेल तर तो बराच काळ न खाताही राहतो. दिवा कमकुवत असेल तर ती कमतरता कितीही खाऊ घालून भरून निघत नाही.

देताना पंप बंद करा, लांब चिमट्याने तुकडा शुंडकांवर अलगद टेकवा आणि सोडून द्या. पुढचं बघण्यासारखं असतं. तुकडा टेकला त्या जागची दोन-चार शुंडकं आधी चिकटतात, मग शेजारची त्यावर वाकतात, मधली चकती त्या बाजूने उचलली जाते आणि तोंडाची चीर पसरून घासावर चढते. भुकेला असेल तर हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. तोंडाशी घास कोंबायचा नाही. क्लाउनफिश किंवा टँकमधली कोळंबी घास पळवत असतील तर आधी त्यांना दुसऱ्या कोपऱ्यात खायला घाला.

प्रश्न : कधीकधी माझा ॲनिमोन सुकलेल्या फुग्यासारखा लुळा पडतो आणि तोंडातून तपकिरी धागे निघतात. मेला की काय या भीतीने मी दोनदा काढून टाकायला निघाले होते.

बरं झालं, थांबलात. ॲनिमोनच्या शरीराला एकच दार आहे. खाणं तिथूनच आत जातं आणि नको असलेलं तिथूनच बाहेर पडतं. ते टाकताना तो आतलं पाणी सोडून देतो, म्हणून आक्रसतो. काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात पुन्हा भरतो. रात्री टँकचे दिवे बंद झाल्यावर लहान होणंही नेहमीचंच.

काळजी करायची ती पुढची लक्षणं दिसली तर. तोंड सलग काही दिवस आ वासलेलं आणि आतला भाग बाहेर आलेला, पाय सुटून प्रवाहाबरोबर लोळत असलेला, शुंडकांची चिकटी गेलेली. आणि शरीर बोट लागताच विरघळल्यासारखं सुटत असेल, पाण्याबाहेर धरल्यावर कुजका वास येत असेल, तर तो गेला. मग क्षणभरही ठेवू नका. मेलेला मोठा ॲनिमोन लहान टँकमध्ये अमोनियाचा असा भडका उडवतो की सकाळपर्यंत मासेही राहत नाहीत. काढा, टँकमधलं बरंचसं पाणी बदला, ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला.

प्रश्न : दगडांवर लहान तपकिरी, पारदर्शक ॲनिमोन आपोआप उगवले. सुरीने खरवडले तर आठवड्यात दुप्पट झाले.

ते एप्टेशिया, झपाट्याने पसरणारे उपद्रवी ॲनिमोन. खरवडणं हाच त्यांच्या वाढीचा मार्ग आहे. पायाचा दगडावर राहिलेला प्रत्येक कण नवा एप्टेशिया होतो. सुरी ठेवून द्या.

दोन-चारच असतील तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची भुकटी आरओच्या पाण्यात कालवून घट्ट लगदा करा, पंप बंद करा आणि सिरिंजने प्रत्येकाच्या तोंडावर तो लगदा सोडा. तो जपून सोडा, कारण शुंडकांना जरा धक्का लागला की एप्टेशिया क्षणात बिळात जातो. हातमोजे आणि चष्मा घाला, तो लगदा भाजतो. एका वेळी थोडेच मारा, नाहीतर पाण्याचा पीएच उसळतो. बरेच असतील तर पेपरमिंट कोळंबी किंवा बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय आणा. बर्गिया एप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही. ते संपले की ती उपाशी मरते, म्हणून काम झाल्यावर ती दुसऱ्या हौशी माणसाकडे पोचवा. पेपरमिंटच्या नावाखाली कॅमल कोळंबी विकली जाते आणि ती प्रवाळ कुरतडते. कॅमलच्या पाठीला कुबड आणि अंगावर ठळक पांढरे पट्टे असतात. घेताना ते बघून घ्या.

दगड बाहेर काढून उकळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दगडावर झोअँथिड प्रवाळ असतील तर त्यांतलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर घरभर पसरतं आणि माणसं रुग्णालयात जातात.

प्रश्न : माशांना पांढरे ठिपके आलेत. तांब्याचं औषध टँकमध्ये घालू का? ॲनिमोन आहे.

नाही. तांब्याने ॲनिमोन, कोळंबी, खेकडे, गोगलगायी सगळे मरतात आणि दगड-वाळूत शोषलेलं तांबं पुढेही त्रास देत राहतं. मासे वेगळ्या टँकमध्ये काढा आणि औषध तिथेच द्या. मुख्य टँकमध्ये सहा ते आठ आठवडे एकही मासा ठेवू नका. ठिपके आणणाऱ्या परजीवीला जगायला मासा मिळाला नाही की तो संपतो. ॲनिमोनला त्याची बाधा होत नाही.

प्रश्न : हात घालताना ॲनिमोन बोटाला चिकटला, पण काही झालं नाही. मग मुलांना हात लावू द्यायला हरकत आहे का?

हरकत आहे. ते चिकटणं म्हणजेच दंश. दंशपेशींतले सूक्ष्म काटे तुमच्या बोटाच्या जाड कातडीत शिरले आणि तिथेच अडले. मनगट, कोपराची आतली बाजू, ओठ, डोळे इथली कातडी तशी नसते. कार्पेट ॲनिमोनचा दंश तर मोठ्यांनाही झोंबतो, फोड येतात, आणि काहींना ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येते. लांब हातमोजे वापरा. दंश झालाच तर टँकच्याच खाऱ्या पाण्याने धुवा, चोळू नका. श्वास घ्यायला त्रास किंवा चेहऱ्याला सूज आली तर सरळ डॉक्टरकडे. हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही, हे मुलांना पहिल्या दिवशीच शिकवा. बघू मात्र द्या, भरपूर वेळ.

प्रश्न : मी दहावीत आहे. ॲनिमोन किती वर्षं जगतो?

बाळा, आपण मारला नाही तर खूप. सर जॉन ग्रॅहम डॅलियल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२८ मध्ये नॉर्थ बर्विकच्या किनाऱ्यावरून एक ॲनिमोन आणला आणि काचेच्या बरणीत ठेवला. डॅलियल १८५१ मध्ये वारले. ॲनिमोन एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात राहिला आणि १८८७ मध्ये मेला. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी म्हणत. तिला शेकडो पिल्लं झाली. ती थंड पाण्यातली, ॲक्टिनिया इक्विना जातीची होती. त्या जातीला दिव्याची गरज नसते, म्हणून बरणीत जमलं. तुझ्या टँकमधल्या जातीला बरणी चालणार नाही. पण आजीच्या बरणीत ना पंप होता ना स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र). माणसं नियमाने समुद्राचं पाणी बदलत आणि खायला देत राहिली. तू पुढच्या शिक्षणाला बाहेर गेलास तर तुझ्यामागे घरातलं कोण हे करेल, ते आत्ताच विचारून ठेव.

प्रश्न : काल सकाळी पाहिलं तर एका बबल टिपचे दोन झाले होते! आता काय करायचं?

अभिनंदन, पण आधी पाण्याची सगळी मापं घ्या. चांगला पोसलेला बबल टिप विभागतो, तसाच अचानक ताण आलेलाही. नुकतंच एकदम बरंच पाणी बदललं होतं का, दिवा बदलला का, तापमान चढलं का, हे वहीत बघा.

विभागताना तो मधोमध उभा फाटतो. दोघांच्याही अंगाला एक लांब उघडी कड राहते आणि तोंड एका बाजूला ओढलेलं दिसतं. ती कड आत वळून मिटेपर्यंत खायला घालू नका. साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यानंतरचा पहिला घास मायसिसच्या एका तुकड्याएवढा. दोघांपैकी एक जण बहुतेक वेळा जागा सोडून फिरायला लागतो, तेव्हा पंपाच्या जाळ्या पुन्हा तपासा. दुसरा कोणाला द्यायचा असेल तर महिनाभर थांबा, घेणाऱ्याच्या टँकचं वय आधी विचारा आणि देताना तो बसलेल्या दगडासकट द्या.